ग्रीसच्या दारावरची फुलं

लेक-जावई नोकरीपायी ग्रीसला गेले, तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मी लेकीपेक्षा तिच्या मागचं घरच जास्त न्याहाळते. परक्या मुलखावर माझा काडीचा भरवसा नाही. जूनच्या सुरुवातीला तिच्या दारावर वाळक्या फुलांचं कडं टांगलेलं दिसलं. त्यात लसणाचा गड्डा! मी फोनवरच ओरडले.

"करणी हाय ही. आधी काढून फेक."

लेक म्हणाली, "घरमालकिणीनं बांधलंय, आई. इथं मे महिन्याच्या एक तारखेला रानातली फुलं आणून असं कडं करतात. खसखशीची लाल, कॅमोमाइलची पांढरी. वसंत घरात यावा म्हणून फुलं, नजर लागू नये म्हणून लसूण. वाळलं की याच महिन्यात होळीसारखा जाळ करून त्यात टाकतात."

"नजर कोणाची? तिचीच असंल. भल्या घरची बाई वाळकी फुलं दाराला ठेवती व्हय?"

इथं वालूर गावात माझा उभा जन्म गेला. गोड बोलून दुसऱ्याच्या दारात काहीबाही ठेवणाऱ्या बाया मी चांगल्या ओळखून आहे.

तेवढ्यात ती म्हातारी घरमालकीणच फोनमध्ये डोकावली. माझ्याकडं बघून हसली, मग माझ्या मागं बघितलं आणि तिचं हसू मावळलं. ती लेकीच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणायलीय ती?" मी फणकारले.

"विचारायलीय," लेक म्हणाली, "तुझ्या आईच्या वाईटावर कोण हाय? दाराला लिंबू-मिरच्या कोणी टांगल्या?"