बाटलीभर शेळीचं दूध

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आसपासच्या गावांतलं दूध, भाजी आणि मासळी किरणोत्साराच्या तपासणीसाठी गोळा करून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवणं ही माझी नोकरी होती. केंद्र सुरू होण्याआधी सगळं कसं होतं, याची नोंद हवी होती. घिवलीतली एक म्हातारी कोळीण दर महिन्याला मला शेळीचं दूध द्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. फॉर्मवर फक्त शेळीची माहिती लागायची. पहिल्या दोन धारा ती जमिनीवर सोडायची आणि मग बाटली भरायची.

एकदा तिनं विचारलं, "दुदात काय गावलं?"

"काही नाही. चांगलं आहे."

तिनं आतून गरोदर सुनेला बोलावलं. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते. उभं राहायलाही तिला दाराचा आधार लागत होता.

"दूद तुमी बगता, सायेब. पिणारीला कोण बगनार?"

मी दोघींना जीपमध्ये बसवून पालघरच्या दवाखान्यात नेलं. सुनेच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ती सुखरूप बाळंत झाली.

त्यानंतर गेलो, तेव्हा म्हातारीनं बाटली अर्धीच भरली.

"बाकीचं सुनेला लागतं," ती म्हणाली.

मी मुंबईला कळवलं, शेळी आटत चालली आहे.