तिच्या वाटचं कणीस

माझ्या सासूबाई मक्याच्या कणसाला नख मारायच्या. वरची पानं जराशी सोलायची अन् दाण्यात अंगठ्याचं नख रोवायचं. दूध उडालं की कणीस डाव्या हाताला, नाही उडालं की टोपल्यात. डाव्या हाताची सगळी नणंदेची. टोपल्यातली निबर, ती आमची.

नणंद सोनाळ्याला दिलेली. महालक्ष्म्यांना माहेरी यायची अन् नेमका तेव्हाच आमच्या धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा मका भरलेला असायचा. त्या मक्याचं निंदण कुणी केलं? मी. राघू कुणी हाकलले? मीच. अन् बाई आल्या की चुलीपाशी पाटावर, आईला खेटून! तिच्यासाठी बाभळीचे निखारे पुढे ओढायचे, कणीस हळूहळू फिरवत भाजायचं, तेल-मीठ-तिखट चोळून हातात द्यायचं. आमची कणसं मागून, पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या भडक्यावर. वरून काळी, आतून कच्ची.

"वयनी, तू खात नाही काऊन वं?" भरल्या तोंडानं ती विचारायची, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मला कणसाची हाव नव्हती. होती बाप्पा, खोटं काऊन बोलू! पण त्याहून जास्त वाटायचं, एकदा तरी या बाईनं माझ्यासाठी नख मारावं.

एका वर्षी निरोप आला: नणंदेची सासू आजारी, नणंदेला माहेरी पाठवत नाहीत. मी "अरेरे" म्हटलं अन् आत जाऊन देवाला हात जोडले. संध्याकाळी सासूबाई कणसं घेऊन बसल्या. मी मुद्दाम त्याच पाटावर जाऊन बसले. त्यांनी नख मारलं, दूध उडालं. बाभळीचे निखारे ओढले. कणीस फिरवत फिरवत भाजलं, तेल-मीठ-तिखट चोळलं अन् माझ्या हातात दिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटचं हाय. गरम हाय तवर खाऊन घे."

माय वं! ती घरी नाही तरी वाटा तिचाच. दाणे असे कोवळे की चावावे लागेनात, अन् मी मात्र दातओठ खात खाल्ले. एक दाणा सोडला नाही.

"आत्याबाई," मी शेवटी विचारलंच, "अन् माह्या वाटचं?"

त्यांनी टोपल्याकडे हनुवटी केली.

"ते काय, तुह्यं. भाजून घे. पऱ्हाटी टाक चुलीत."