माउंटिंग बदलायला भाऊ आला

वर्षभर ज्याने माझा फोन उचलला नाही, तो माझा धाकटा भाऊ एका रविवारी सकाळी नांदेडच्या घराच्या फाटकात उभा! मोटारसायकलला पान्यांची पेटी आणि जॅक बांधलेला, काखेत कापडी पिशवी. "अक्का, गाडीची किल्ली दे," म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही.

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

आमचं बोलणं बंद होण्याचं कारण साधं आहे. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही. आमच्याकडे बापाचं वर्षश्राद्ध झालं की मुलीला माहेरी ठेवून घेतात, साडी नेसवतात, पुरणाचं जेवू घालतात आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री कचेरीत नेऊन शेतातला तिचा वाटा सोडून घेतात. मुलीही मुकाट्याने सही करतात, कारण न करणारीला माहेर उरत नाही. मी साडी नेसले, पुरण खाल्लं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. शेत फार मोठं आहे असं नाही. पण मला कोणी गृहीत धरलं की माझं डोकं फिरतं.

"गाडीला काय झालंय ते तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"उदगीरच्या लग्नात तू गाडी चालू ठेवून उभी ऱ्हायली होतीस, तवा ऐकलं. इंजिनाखालचं माउंटिंग गेलंय. इंजिन एका अंगाला बसलंय."

गाडी जुनी आहे आणि कित्येक महिने थरथरत होती हे खरंच. नवऱ्याची बदली लातूरला, त्यामुळे शनिवारी शाळेत शिकवून झालं की मी तिकडे निघते. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगसकट हात हलायचे, क्लच सोडला की धाडकन आवाज. म्हणून त्या शनिवारी मी गेलेच नव्हते. पण त्या लग्नात हा माणूस मला बघून तोंड फिरवून गेला होता. तोंड फिरवलं, कान मात्र इकडेच! आवळा देऊन कोहळा काढायला आलाय, मी मनात म्हटलं. साडीने जमलं नाही, आता माउंटिंग.

त्याने पिशवीतून लोखंडात बसवलेला जाड रबराचा ठोकळा काढला. त्याच्याखाली प्लॅस्टिकची फाईल होती. माझी नजर गेलेली पाहताच त्याने पिशवी गुंडाळून मोटारसायकलला अडकवली. झालं, माझी खात्रीच पटली.

मी खुर्ची टाकून समोरच बसले. गावात वीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, त्याचा हात मला नवा नाही. तरी प्रत्येक नट मोजत होते. त्याने इंजिनाखाली फळी ठेवून जॅकने ते जरासं उचललं. एक बोल्ट गंजून बसला होता, तो सुटेना. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. दारात आलेल्या परक्यालाही आपण आधी पाणी देतो, मी सख्ख्या भावाला तासभर विचारलं नाही. यासाठी मला माझाच अजून राग येतो.

शेवटी जुनं माउंटिंग निघालं. रबर फाटून दोन्ही तुकडे वेगळे झाले होते.

"अक्का, हे बघ."

"माझ्याच गाडीचं ना?" मी म्हटलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. नवं बसवायला लागला. दोन बोल्ट झाले, तिसरा राहिला आणि माझा धीर सुटला.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? काढ तो कागद."

त्याचा हात थांबला. फडक्याला हात पुसून त्याने फाईल आणून दिली. हक्कसोडपत्रच होतं, सहीपुरती जागा मोकळी. ओळखलं होतं म्हणून बरं वाटलं, पण क्षणभरच.

"मी सही करणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"मला ठावं हाय," तो म्हणाला आणि खाली वाकून तिसरा बोल्ट आवळायला लागला.

माझा संताप आणखीच वाढला. "ठाऊक होतं तर आणलास कशाला?"

"पोरांनी शपथ घातलीय, अक्काची सही झाल्याबिगर तिच्या दारात जायचं न्हाई." त्याने मान वर केली नाही. "कागद न घेता निघालो असतो, तर कुठं चाललो म्हणून काय सांगू घरी?"

मला माझीच लाज वाटली. त्याने जॅक उतरवला आणि गाडी चालू करायला सांगितली. मी कागद मांडीवर घेऊन आत बसले आणि किल्ली फिरवली. स्टिअरिंग स्थिर होतं.

त्याने बॉनेटवर कान लावला. मग माझ्या मांडीवरचा कागद घेऊन नीट फाईलमध्ये घातला.

"गिअरबॉक्सकडलं माउंटिंग बी उतरलंय," तो म्हणाला. "पुढल्या महिन्यात हाच कागद घेऊन येतो."