दोन जनरेटर, एक पट्टी

भोंग्याला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. उभा जन्म भाड्याच्या जनरेटरांच्या बगलेत गेलेला. घरात पाणी मागायचं तरी गावाला आग लागल्यागत ओरडायचा. बायको म्हणायची, "अहो, मी इथंच आहे, डोंगरापलीकडं नाही." जगात त्याचं वाकडं दोघांशीच, एक पाणी मिसळलेलं डिझेल आणि दुसरा साडू. डिझेल निदान गाळून तरी घेता येतं.

साडू म्हणजे थोरल्या मेहुणीचा नवरा. सरकारी वीज तपासनीस. बारीक डोळे, पुढं आलेलं नाक, प्रत्येक पेटीत हुंगत शिरायची सवय. भोंगा त्याला मुंगूस म्हणायचा. मुंगूस त्याला चारचौघांत 'परवानाधारक खुनी' म्हणायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

भांडणाचं मूळ तांब्याच्या पट्टीत होतं. दोन जनरेटर एका तारेवर जोडायचे म्हणजे दोन बैल एका जुवाला. पावलं जुळली नाहीत तर जू मोडतं. पावलं जुळवण्यात भोंगा पटाईत. दोन्ही जनरेटरांच्या मधे तीन दिवे टांगायचा. ते एकदम उजळायचे, एकदम विझायचे. लय मंदावत मंदावत तिन्ही काळे पडले की खटका ओढायचा. तिथं मुंगसालाही नाक खुपसता आलं नाही. खोट दुसरीकडं होती. प्रत्येक जनरेटरच्या पोटात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीशी बांधणारी पट्टी असते. एकटा चालताना ती हवीच, ती नसेल तर गळती पकडलीच जात नाही. दोन जोडले की नियम म्हणतो, एकाचीच ठेवा. नाहीतर प्रवाह दोन्ही पट्ट्यांतून आपसात फिरत बसतो आणि गळती पकडणारा रिले बावचळतो. भोंगा मात्र दोन्ही ठेवायचा. वर म्हणायचा, "जमीन काय एकाच्या बापाची आहे? दोघांनाही मिळू दे."

दोनदा सापडला. दुसऱ्यांदा मुंगसानं मजुरांसमोर त्याची अक्कल काढली आणि शेवटची ताकीद दिली. आता चूक दिसली की परवाना जमा. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. निरोप जायचे ते बहिणी-बहिणींच्या फोनवरून.

अशात मासळीच्या शीतगृहाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. शेठनं भोंग्याचे दोन जनरेटर मागवले आणि तपासायला नेमका मुंगूस आला. आत मासळी मऊ पडायला लागलेली, बाहेर दोन साडू एकमेकांकडं पाठ करून उभे.

"शेठ, त्यांना विचारा, केबलचे जोड आवळलेत का?"

"शेठ, त्यांना सांगा, आवळलेत. हात घालून बघा म्हणावं, चालू झाल्यावर."

शेठ घाम पुसत म्हणाला, "अरे, मी काय टेलिफोन आहे? चार पावलांवर उभे आहात!"

भोंग्यानं या खेपेला डाव टाकला होता. सकाळीच दुसऱ्या जनरेटरची पट्टी त्यानं गुपचूप काढून ठेवली. मुंगसानं झाकण उघडावं, आत काही सापडू नये, आणि तोंडात मारल्यागत परत जावं, एवढंच त्याला हवं होतं. सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं असतं तर मजा गेली असती.

मुंगसानं झाकण उघडलं, पण पहिल्याचं. आत पट्टी होती. दुसऱ्याचं उघडायची त्याला गरजच वाटली नाही. साडूची खोड ठाऊक होती, दोन्हीकडं असणारच. आता खरं तर त्यानं 'ही काढा' म्हणायला हवं होतं. तपासनिसानं बोट दाखवायचं, यंत्राला हात लावायचा नाही, हा त्याच्याच खात्याचा नियम. पण बोट दाखवायचं तर बोलावं लागणार. शेठ फोनवर अडकलेला, भोंगा टाकीपाशी वाकलेला. मुंगसानं पिशवीतून पाना काढला, पट्टी सोडवली, खिशात टाकली आणि झाकण लावलं.

जनरेटर सुरू झाले. दिवे काळे पडले, भोंग्यानं खटका ओढला, दोन्ही यंत्रं एका सुरात घुमायला लागली. मुंगसानं चाचणीचा दिवा घेतला. एक टोक फेजच्या जिवंत तारेला, एक जमिनीला. दिवा पेटायला हवा आणि रिलेनं लगेच खटका पाडायला हवा.

दिवा पेटलाच नाही. खटका जागचा हलला नाही.

"अर्थिंगच नाही!" मुंगूस बोलणं बंद असल्याचंही विसरला. "माणसं मारायची सुपारी घेतलीस का रे? संपला तुझा परवाना!"

 भोंग्यानं धावत जाऊन दोन्ही यंत्रं बंद केली आणि पहिल्याचं झाकण उचकटलं. आत पट्टी नव्हती, नुसते बोल्टावर पान्याचे ताजे ओरखडे.

"दुसऱ्याची मी काढली होती," तो ओरडला. "नियमानं. ही कुणी काढली?"

मुंगसाचा हात आपसूक खिशाकडं गेला.

"शेठ, साहेबांचे खिसे बघा!"

"कुणाच्या खिशाला हात लावायची गरज नाही." मुंगसानं पट्टी बाहेर काढली. चेहरा राखेसारखा झाला होता. "मी काढली."

"मोठ्यानं बोला, साहेब. मी बहिरा आहे, जनरेटरवाला!"

"मी काढली म्हणतो ना!"

शेठला आशा वाटली. "मग लावा परत आणि द्या मंजुरी! घरची गोष्ट घरात."

"माझा हात लागलेल्या यंत्राला मी मंजुरी देऊ शकत नाही. नाकारूही शकत नाही. दुसरा अधिकारी पाठवायला कळवतो. उद्या येईल." पट्टी झाकणावर आपटून मुंगूस फाटकाकडं चालू लागला. "आणि तू हसू नकोस. मला सांगितलं असतंस, तर ही वेळ आली नसती."

"कुणाला सांगू? तुझ्या नाकाला?"

शेठच्या तोंडून मग दोघांच्या खानदानाचा उद्धार झाला. मासळी उद्यापर्यंत थांबत नसते. त्यानं बर्फाच्या गाड्या बोलावल्या आणि भोंग्याला सांगितलं, "तुझी ही धुडं उचल. पुन्हा या फाटकात दिसू नकोस."

तरी भोंग्यानं पट्टी जागेवर बसवली, यंत्रं जोडली, दिवा टेकवला. दिवा लुकलुकला, रिले खटकन पडला. कामात खोट नव्हती. बघायला कुणी नव्हतं.

बायकोचा फोन आला. "काय करून बसलात हो? ताई रडतेय. भाऊजींनी स्वतःच वर कळवलंय, चौकशी लागणार म्हणे."

"त्यानं तोंड उघडलं असतं तर लागली नसती. माझा परवाना शाबूत आहे."

"आणि तुम्ही उघडलं असतंत तर?"

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"मी? ताईकडं निघालेय. जेवण तुमचं तुम्ही बघा."

भोंग्यानं फोन खिशात कोंबला, केबलचं टोक धरलं आणि शेठच्या नावानं शिव्या देत ती गुंडाळायला लागला.