जांभळं पाणी

नेरूळला ज्या घरी मी आजोबांना सांभाळते, तिथं रोज सकाळी त्यांचे इसबाचे पाय पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवायचे असतात. रंग फिका गुलाबीच हवा; गडद जांभळा झाला तर कातडी पोळेल, म्हणून कण मोजूनच टाकते.

तोच जांभळा रंग गावच्या कॉलेजात काचेच्या बाटलीत होता. अकरावीतला तो माझा शेवटचा तास. आई अंथरुणाला खिळलेली, शिक्षण बंद ठरलेलं आणि मामा न्यायला आलेला. मी फळ्यावर परमँगनेटचं समीकरण सोडवत होते. दोन्हीकडचे अणू जुळले, तशी खडू ठेवून निघाले.

"प्रभार कुणी बघायचा गं?" सर म्हणाले. डावीकडे अधिक सात होता, उजवीकडे अधिक दोनच.

मामा दारातून म्हणाला, "मास्तर, यष्टी चुकंल."

"पुढची मिळेल. हिचं अजून व्हायचंय. बसा."

मामा टोपी काढून शेवटच्या बाकावर बसला. पोरी खुदखुदल्या. घामाघूम होऊन मी अखेर डावीकडे पाच इलेक्ट्रॉन लिहिले, तेव्हा सरांच्या आधी मामानंच विचारलं, "जमलं का गं?"

यष्टी चुकलीच. तेव्हा मी लाजेनं मेले होते.

आता पाठ भरून येते, बोटं तपकिरी झालेली असतात आणि आतून आजोबांची सून, वहिनी, ओरडतात, "ताई, आटपा ना, नाश्ता राहिलाय!" मी टबातलं पाणी अर्धवटच ओतून टाकून उठते. त्या तासानंतर माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. पण एकदा दोघं थांबले होते, माझं पुरं होईपर्यंत.