वाकून चालणारं घर

आप्पा गेल्याची बातमी मला फोनवर कळली, पण कळली म्हणणंही खोटंच. मी माहेरी उमरग्याला होते. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. सकाळी धाकट्या दिरांचा, संतोषभाऊजींचा फोन आला. "वहिनी, आप्पा गेले." आचारसंहितेच्या दिवसांत आमच्या घरात या वाक्याचा एकच अर्थ होतो : सासरे परवान्याची बंदूक निवडणुकीपुरती जमा करायला ठाण्यात गेले. मी म्हणाले, "एकटेच का? जीपनं गेले की मोटरसायकलवर?" पलीकडं भाऊजी रडायला लागले तेव्हा कुठं मला कळलं. बंदूक आदल्या दिवशीच जमा झाली होती. ती देऊन, ठाण्यातला चहा पिऊन आप्पा खुशीत घरी आले, जेवले, झोपले आणि उठलेच नाहीत. दीड महिना झाला, पण त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. आप्पांना मात्र तो आवडला असता.

सासरी, ईट गावात, आमचं घर बंदूकवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं. आप्पांच्या वडिलांना रानडुकरांपासून पीक राखायला बारा बोअरची बंदूक मिळाली, तिचा परवाना वारसानं आप्पांकडे आला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दोन खुंट्यांवर ती आडवी असायची, नळी बरोबर दारावर रोखलेली, कपाळाच्या उंचीला. घरात नियम एकच : नळीसमोरून ताठ जायचं नाही, वाकून जायचं. बंदुकीत काडतूस कधीच नसायचं, तरीही. नवी नवरी असताना मी शहाणपणानं सुचवलं होतं की उलटी टांगू या. आप्पा म्हणाले, "उलटी टांगली तर नळी देव्हाऱ्यावर येती. देवावर बंदूक रोखू का, सूनबाई?" तेव्हापासून देवाच्या वाटणीचं आम्ही झेलत आलो.

खरं तर माझं लग्नच या वाकण्यानं जमलं. माझे वडील ट्रकचे टायर विकतात आणि माणूस पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्यांना वाटतं. ते घर बघायला आले तेव्हाही कुठलीशी निवडणूक होती, त्यामुळे बंदूक ठाण्यात आणि खुंट्या रिकाम्या. पण अंगवळणी पडलेलं जातं कुठं? सासूबाई पोहे घेऊन वाकून बाहेर आल्या, माझे होणारे यजमान पाणी घेऊन वाकून आले, भाऊजी चहा घेऊन वाकून आले. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "काय नम्र माणसं हायत! घरातल्या घरात वाकून चालतेत." लग्नानंतर निकाल लागला, बंदूक परत आली आणि मला त्या नम्रतेचं कारण भिंतीवर दिसलं.

हे खूळ मात्र उगाच नव्हतं. आप्पा कडेवरचे असताना त्यांचे वडील बंदूक पुसत बसले होते. "रिकामी हाय," असं म्हणतानाच बार उडाला. दारातून आई येत होती, कडेवर आप्पा, डोक्यावर पाण्याची घागर. छर्रे घागरीत शिरले आणि मायलेकरं नुसती भिजली. आप्पा सांगायचे, "मला आठवत काय न्हाय, पर अजून भिजल्यासारखं वाटतंय बघ. भरल्याली बंदूक दिसली की माणूस भितो. रिकामी हाय म्हणलं की मरतो." मग ती सरकारला देऊन का टाकली नाही? बापाची निशाणी, गावात मान... ठेववत नव्हती आणि टाकवतही नव्हती. म्हणून त्यांना निवडणुका आवडायच्या. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीही लागू दे, आप्पांचा चेहरा खुलायचा. बंदूक गोधडीत गुंडाळून ते लेक सासरी पोचवावी तसे निघायचे. निकालानंतर ठाण्यातून निरोप आला की आप्पांचं आपलं, "ऱ्हाऊ द्या की सायेब, पोटनिवडणूक लागंल एखांदी." एकदा नव्या साहेबांनी दरडावून विचारलं, शेवटचा बार कधी काढला? आप्पांनी गालातली तंबाखू सावरली आणि म्हणाले, "काढला न्हाय, सायेब. आत्ताच भरलाय."

पुढं भाऊजी मोठे झाले आणि कंबरेला पिस्तूल लावून फिरायची हवा आली. भाऊजींच्या मित्रांचे तसे व्हिडिओ यायचे. भाऊजींचा बेत असा, की परवाना वारसानं आपल्या नावावर करायचा आणि या बंदुकीच्या जागी पिस्तूल मागायचं. जेवताना रोज वाद. "आप्पा, रीतसर परवाना असल्यावर बाळगायला काय हरकत हाय? आजकाल कंबर मोकळी दिसली की कुणी इचारत न्हाय."

"मला ठाण्यातला जमादार चहा इचारतो," आप्पा म्हणायचे. "लई झालं."

एकदा भाऊजी रागानं उठून गेल्यावर ते मला हळूच म्हणाले होते, "मला मरायचं काय न्हाय, सूनबाई. पर माझ्या मागं हे पोरगं ताठ चालंल... तेची भीती वाटती." तेव्हा मी हसले होते.

तेरावा झाल्यावर भाऊजींनी विषय काढलाच. बाकीच्या वारसांच्या संमतीच्या सह्या लागत होत्या. माझे यजमान भिडस्त, ते तर पेन शोधायलाही लागले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब. संतोष, मला आतनं तांब्याभर पाणी आण. पर दारातनं ताठ ये. ताठ आलास की करते सही."

भाऊजी हसले. आत गेले ते वाकून. बाहेर आले तेही वाकूनच. ओशाळून परत फिरले. पुन्हा आले, पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा त्यांनी छाती काढली, मान आखडली, डोळे मिटले आणि नेट लावून निघाले. दारात येताच आपसूक गुडघे वाकले, तांब्या हिंदकळला आणि पाणी सगळं सदऱ्यावर. रिकाम्या खुंट्यांखाली भिजलेले भाऊजी वाकून उभे होते... आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "भिजला बघा," त्या म्हणाल्या. "बापावानीच." भाऊजींनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून लेकरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी बंदूक कायमची सरकारजमा करायचा अर्ज ते स्वतःच देऊन आले.

परवा माझे वडील भेटायला आले होते. भाऊजी चहा घेऊन बाहेर आले, वाकून. वडिलांना आता सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, "आता कशाला वाकता? खुंटी तर रिकामी हाय."

भाऊजींनी एकदा वर बघितलं. "रिकामी हाय," ते म्हणाले, "म्हणून तर."