वासाच्या खोलीसाठी आनंदमेळा

कोलंबी सोलायला बसलं की टरफलांचा ढीग लक्षात येत नाही. हात चालतात, तोंड चालतं, आणि उठताना बघावं तर एक पाटी कोलंबी आणि दोन पाट्या टरफलं. आमच्या महिला मंडळाच्या आनंदमेळ्याचं तसंच झालं. मेळा एका संध्याकाळचा, किस्से दोन महिन्यांचे. आज बायका ते सांगून हसतात. तेव्हा कोणी हसत नव्हतं. मला तर शेवटपर्यंत धास्ती होती.

धास्ती कशाची, ते आधी सांगते. डहाणूच्या मासळी बाजारामागे आमच्या मंडळाचं पाळणाघर आहे. एक खोली, अठरा मुलं. कोणाची आई मासळी विकते, कोणाची घोलवडला चिकूच्या पेट्या भरते. माझ्या वेळी असलं काही नव्हतं. माझी मुलगी बाजारात रिकाम्या पाटीत बसून वाढली, पाय बर्फाच्या पाण्यात. म्हणून मी हट्टाने हे पाळणाघर काढलं आणि वेवजी गावची वनिता तिथे मुलं सांभाळायला बाई म्हणून ठेवली.

खोलीचे मालक कांतिभाई. एके सकाळी ते नाकाला रुमाल लावून दारात उभे. "मावशी, दोन महिन्यात खोली खाली करा. बायका पाट्या घेऊन येते, मासळीचा वास येते. मला सहन नाय होत, डोकं चढते."

मी म्हटलं, "भाई, मासळी बाजारामागे मोगरा कुठून आणू?"

पण खोली त्यांची. दुसरी शोधली, मिळतही होती, पण डिपॉझिट दिल्याशिवाय किल्ली नाही. ते पैसे मेळ्यातूनच काढायचे. म्हणजे मेळा झाला तर मुलं खोलीत, नाही झाला तर पुन्हा पाटीत.

*

आमची सेक्रेटरी हेमा. घोलवडची, घरची चिकूची वाडी, बोलणं गोड, हातात कायम डायरी. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने तारीख काढली.

"पौर्णिमेचा रविवार घेऊ, मावशी. किनाऱ्यावरचं मैदान, वर चांदणं. फोटो काय सुंदर येतील."

"फोटो येतील. मागून पाणीपण येईल."

तिला वाटलं, म्हातारी खोड काढतेय. मी तिला हाताला धरून मैदानाच्या कडेला सुरूच्या झाडांपाशी नेलं. मागच्या पौर्णिमेच्या उधाणाने तिथे काटक्या, थर्माकोल आणि एक चप्पल आणून ठेवली होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"तुझं स्टेज."

तारीख पुढे गेली, अष्टमीच्या रविवारी. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती छोटी, पाणी मवाळ. आणि तेव्हा मासळी कमी म्हणून होड्या घरी, म्हणजे खांब रोवायला पुरुषही सापडतात. हेमाने डायरीत लिहून घेतलं. पण त्या दिवसापासून ती मला रोज फोन करायची: "मावशी, नक्की ना?" दहाव्या फोनला मलाच शंका यायला लागली. साठ वर्षांत पहिल्यांदा मी कॅलेंडर काढून अष्टमी तपासली.

*

परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहिला. मी शाळेत गेलेली नाही. मासळी बांधायच्या रद्दी पेपरांवर अक्षरं शिकले, त्यामुळे माझं वाचन सगळं अर्ध्यावर फाटलेलं. पण अक्षर कोणाच्या बापापेक्षा कमी नाही.

ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि अंगठ्याच्या शाईची डबी माझ्यापुढे सरकवली.

मी ती परत सरकवली. "ही तुम्हाला राहू द्या. मला पेन द्या."

साहेब जरा कडक झाले. "आजी, मैदान समुद्राला लागून आहे. पाणी आलं तर जबाबदार कोण?"

"त्या दिवशी अष्टमी आहे. पाणी येत नाही."

"तसं सर्टिफिकेट जोडा."

आता अष्टमीला पाणी येत नाही याचं सर्टिफिकेट कोणाकडे मिळतं? पाच खुर्च्यांपुढे उभी राहिले. प्रत्येक खुर्ची पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवायची. मेळ्याला नऊ दिवस राहिले, परवानगी नाही. शेवटी तिथेच बाकावर बसून कागद घेतला आणि लिहिलं, 'मी साठ वर्षं या किनाऱ्यावर मासळी विकते. अष्टमीला पाणी सुरूपर्यंत येत नाही. आलं तर मला धरा.' खाली सही ठोकली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

*

रिंग टाकायचा खेळ हेमाच्या डोक्यातला. टेबलावर साबण, पावडरचे डबे, स्टीलच्या वाट्या. रिंग ज्याच्यावर पडेल ती वस्तू तुमची. "याच्यात कमाई आहे, मावशी. दहात एखादाच जिंकतो."

ट्रायल म्हणून माझ्या नणंदेला, बायजाला, दहा रिंगा दिल्या. बायजाचा जन्म धक्क्यावर पाट्या झेलण्यात आणि फेकण्यात गेलेला. दहाच्या दहा पडल्या. तिने पदर पसरला आणि वाट्या भरायला लागली.

हेमाचा चेहरा पांढरा. "मावशी, तुमच्या मासळीवाल्यांच्या वाडीतल्या सगळ्या बायका आल्या तर?"

"तर अर्ध्या तासात टेबलपण उचलून नेतील."

मग नियम काढला, मासळीवाल्या बायकांनी डाव्या हाताने टाकायचं. बायजाने पदरातल्या वाट्या परत मांडल्या, रिंगा उजव्या हातातून डाव्या हातात घेतल्या आणि पहिल्यापेक्षा भरभर दहा टाकल्या.

"वैनी," मला म्हणाली, "मी जेवते फक्त उजव्या हाताने."

*

एक कोपरा भुताच्या तंबूसाठी ठेवला होता. आत अंधार, लाल बल्ब, आणि पांढरी चादर घेतलेली बायजाच, कारण रिंगच्या टेबलापासून तिला लांब ठेवणं भाग होतं. पोरं घाबरतात का बघायला वनिताने पाळणाघरातली चार मुलं आणली. मी बाहेर कान लावून उभी. एखादं फार घाबरलं तर त्याच्या आईला काय सांगू, हीच धाकधूक.

आत बायजाने असा काही आवाज काढला की मीच दचकले. मग चार वर्षांच्या चिंगीचा आवाज, "बायजाआजी, तू इथे का लपलीस?"

बायजा चादर फेकून बाहेर आली. "कसं ओळखलंस गं मला?"

चिंगी म्हणाली, "तुझा वास येतो ना."

आणि तिच्या मांडीला मिठी मारून उभी राहिली. वनिता हसली नाही. मीही नाही.

*

चिकूचा प्रकार मात्र जिवावर बेतला होता. हेमाने घोलवडच्या वाडीवाल्यांकडून चाळीस पेट्या चिकू मेळ्यासाठी फुकट मिळवले होते. आमची निम्मी आशा त्या पेट्यांवर. चिकू झाडावरून कडक उतरवतात, मग घरात पिकतो. रविवारी कच्चे राहिले तर काय, या काळजीने हेमाने सगळे बंद खोलीत पेंढ्यात दाबले, वर गोणपाटं घातली, आणि दारही लावून घेतलं. जन्म वाडीत गेलेल्या बाईने!

गुरुवारी सकाळी फोन. रडत होती. "मावशी, सगळे एकदम पिकले. रविवारपर्यंत लगदा होईल."

"चकत्या कापून वाळव."

"माझी वाळवायची जाळी चार पेट्यांची आहे, मावशी. छत्तीस पेट्या कुठे घालू?"

आमच्या मासळीवाल्यांच्या वाडीत जवळा सुकवायच्या जाळ्या आहेत, हव्या तेवढ्या. तीन वेळा धुतल्या, लिंबू चोळला, उन्हात तापवल्या. वीस बायका कापायला बसल्या. शनिवारी चकत्या कुरकुरीत झाल्या. हेमाने एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"सांग ना."

"चिकू आहे, मावशी. पण समुद्रात पोहून आलेला."

वनिताने वर मीठ-मिरची भुरभुरवली, मग बरं लागायला लागलं. पण मला चैन पडेना. मी पुठ्ठा घेतला आणि ठळक लिहिलं, 'चिकूच्या चकत्या. जवळ्याच्या जाळीवर वाळवल्या आहेत. मासळी न खाणाऱ्याने आधी वास घ्यावा.'

हेमा हवालदिल झाली. "असं लिहिलं तर कोण घेणार?"

"न घेऊ देत. फसवून आणलेल्या डिपॉझिटच्या खोलीत मला मुलं झोपवायची नाहीत."

*

रविवार. चार वाजले तरी मैदानात आमच्याच बायका. वारा सुटलेला, मांडव फडफडतोय, हेमा दर पाच मिनिटांनी समुद्राकडे बघतेय. पाणी आपल्या जागेवर होतं. माणसंही आपापल्या घरी होती. पाचला पहिली रिक्षा आली, मग चिंचणीहून टेम्पो भरून बायका, मग पोराबाळांची झुंबड. तरी चकत्यांच्या स्टॉलपाशी लोक यायचे, पाटी वाचायचे, पुडी नाकाला लावायचे आणि ठेवून द्यायचे. मी काउंटरमागे ताठ उभी, ठेवलेल्या पुड्या पुन्हा रांगेत लावत होते.

सहाच्या सुमाराला पांढऱ्या कडक कपड्यात कांतिभाई आले. आमंत्रण मीच दिलं होतं. वाद असला तरी मालक आहेत. वनिता चिंगीला कडेवर घेऊन स्टॉलला टेकून उभी होती, ती जरा बाजूला सरकली.

कांतिभाईंनी चष्मा लावून माझी पाटी सावकाश वाचली. एक पुडी उचलली आणि हेमाच्या हातात दिली.

"बेन, तुमीच वास घ्या अने सांगा, चालेल का मला."

हेमा म्हणाली, "तुम्हीच बघा ना, भाई."

"मला काय समजते? तो मोठा ताप आला होता ना, त्या वरसापासून नाक गेलं. देवापुढे अगरबत्ती लावतो, ती पण समजत नाय."

हेमाचा हात पुडीसकट तिथेच राहिला. वनिताने चिंगीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. माइकवर कोणीतरी हरवलेल्या छत्रीबद्दल बोलत होतं.

मला दारातला तो नाकाला लावलेला रुमाल आठवला. मी काउंटरमागून बाहेर आले, एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि कांतिभाईंच्या मागे ठेवली.

"बसा, भाई. खोलीबद्दल बोलू."